नमुन्याची चटणी

मंडळी, आज माझी चांगलीच फजिती झाल्ती!

भोकरदनला माझं मसाल्याचं दुकान आहे. जालन्याच्या सलीमभाईंकडून नमुना बघून लाल मिरची मागवली. नमुना झणझणीत होता, गोण्यांतली मिरची मात्र एकदम फिकी! माल नमुन्यासारखा नसला तर परत करता येतो, कायदाच आहे तसा.

फोन करून तक्रार केली, तशे दुपारी सलीमभाई आले. "ताई, नमुना दाखवा."

डबा उघडला तर रिकामा! आमच्या ह्यांनी सकाळीच त्याची चटणी वाटल्ती.

मंग तीच चटणी भाकरीसोबत पुढं ठेवली. पहिल्याच घासाला भाईंचे कान लाल! तांब्याभर पाणी पिऊन म्हणाले, "बिलकुल माझाच नमुना! गोण्या परत नेतो. उरलेली चटणी बांधून द्या, नवा माल भरताना चाखून बघतो."

आता सांगा, ह्यांना रागवू का शाबासकी देऊ?