फुलनबाई बाकावरच होती

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सोबतच्या सिस्टरांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, आणि सरळ सांगते – आडवळणं घेण्याचा माझा स्वभाव नाही. तरी बघा, घेतेच आहे.

गोंदियातल्या एका दवाखान्यात मी नर्स होते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. हात चांगला होता माझा. कोणाची शीर सापडेना की मलाच हाक यायची. त्याचा तोरा होता – का नसावा?

चिचगडची फुलनबाई तापानं फणफणलेल्या नवऱ्याला घेऊन आली. मी इंजेक्शन भरत होते, तेव्हा तिनं पदराची गाठ सोडून एक रिकामी बाटली पुढं केली. "मांगं हेच सुई लावली होती जी, ह्यायचं तोंड सुजलं होतं. पाहा ना जी."

बाटलीवरचं नाव वाचायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, "आम्हाले समजते बाई, तू बाहेर बस." – आणि सुई टोचली. तेच औषध होतं. तासाभरात तो गेला.

चौकशी बसली. आमच्याकडे चौकशी म्हणजे बंद दार, डॉक्टर, नर्स आणि चहा. पण आलेले साहेब वेगळे निघाले. म्हणाले, घरच्यांनाही विचारायचं; कोणी आलं असेल तर बोलवा. मी उठून दार उघडलं. फुलनबाई बाकावरच होती, सकाळपासून. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दार लोटून घेतलं आणि – आवाजही कापला नाही माझा – म्हणाले, "देवरीवरून गावी जायची बस होती साहेब, निघून गेली ती बाई."

मग बाहेर जाऊन तिला घरी पाठवलं. अहवालात आलं, नातेवाइकांनी आधीचा त्रास सांगितला नाही.

पुढं ती मृत्यूचा दाखला न्यायला आली. अहवालातलं तिच्या कानावर गेलं होतं. भांडायला आली असणार म्हणून मी कंबर कसूनच उभी राहिले. पण ती हळूच म्हणाली, "मले नीट सांगता नाई आलं का जी?"

एका शब्दात तिची सुटका होती. माझी नोकरी गेली असती, एवढंच ना? लाज वाटते सांगायला – मी म्हणाले, "हो बाई. नीट सांगाले पायजे होतं."

तिला ते पटलं. दाखला पिशवीत ठेवून, नवऱ्याला आपणच मारलं असं समजून, ती गावी गेली.