हात लावून सांग

आमचे हे फौजेत ड्रायव्हर होते. हवालदार म्हणून पेन्शनवर आले. त्यांच्या सगळ्या पोस्टिंग मी पाहिल्या, एक सोडून. ती वर बर्फात होती आणि तिथे फॅमिली नेता येत नव्हती. तिच्याबद्दल हे कमी बोलत. लिहायला सांगितलं तर म्हणतात, "माझ्या हाताला स्टिअरिंगची सवय आहे, पेनाची नाही." म्हणून मी लिहिते आहे.

वर्दी उतरली तरी ड्रिल सुटली नाही. ग्वाल्हेरच्या दाना ओली भागातल्या आमच्या घरी हिवाळ्यात रोज झोपायच्या आधी रोल कॉल होतो. हे पलंगावर बसून मोठ्याने विचारतात. बाकीच्यांनी उत्तर द्यायचं.

"गॅस?"

"बंद!"

"गिझर?"

"बंद!"

"सिगडी?"

"बाहेर!"

"खिडकी?"

"उघडी!"

मग हे म्हणतात, "रिपोर्ट ओके," आणि दिवा मालवतात.

इथली थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना कळेल की जानेवारीत खिडकी उघडी ठेवणं म्हणजे काय. पण बोटभर फट तरी ठेवायचीच, असा हुकूम. आमची सून रश्मी इथल्याच मुरार भागातली, हिंदी बोलणाऱ्या घरातली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने मला हळूच विचारलं, "मम्मीजी, ये रोज़ होगा?" मी म्हटलं, "रोज." पुढे तीच सगळ्यांत मोठ्याने ओरडायला लागली. रजईतून तोंडसुद्धा बाहेर न काढता. शेजारच्या काकूंना सगळं पाठ झालं होतं. कधी आमच्याकडून उशीर झाला तर भिंतीपलीकडून त्याच "उघडी!" म्हणत.

आमचा संदीप सिटी सेंटरमधल्या एका ऑफिसात काम करतो. मागच्या वर्षी त्याने लग्नाच्या वऱ्हाडाला वापरलेली एक जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली आणि तिची घरगाडी केली. आत दोन बाक, ते उघडले की पलंग होतात. एक छोटा ओटा, एक शेगडी, हात धुवायला भांडं. फुलाफुलांचे पडदे रश्मीने शिवले.

यांनी गाडीची तपासणी सुरू केली ती आठ दिवस चालली. सिलिंडरच्या कप्प्याला खाली भोकं पाडायला लावली. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली बसतो, त्याला खालूनच वाट पाहिजे. नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघितलं. छताला जाळी बसवायला लावली, हवा खेळती राहावी म्हणून.

संदीप वैतागला. "बाबा, गाडी आहे ही. टँक नाही."

"टँकमध्ये कोणी भजी तळत नाही," हे म्हणाले. "जाळी लाव."

जाळी लागली.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही चौघं तिघरा धरणावर गेलो. दुपार झाली तरी धुकं उठलं नव्हतं. यांनी आधी चाकांखाली दगड लावले, मग आम्हाला उतरू दिलं. संदीपने गाडीच्या आडोशाला लोखंडी सिगडी पेटवली. निखाऱ्यांत रताळी भाजली. मी पोळ्या आणि मटार-बटाटा नेला होता. रश्मीने तिळाच्या वड्या काढल्या.

"बाबा, गोड खा आणि आज तरी गोड बोला," ती म्हणाली.

"मी गोडच बोलतो. आवाज मोठा आहे, त्याला मी काय करू?"

जेवणानंतर पाण्यावरून वारा सुटला. रश्मीचे पाय गार पडले. ती आणि संदीप गाडीत जाऊन आडवे झाले. यांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे, ते सुट्टीच्या दिवशीही चुकत नाही. मी शाल घेऊन बरोबर निघाले. निघताना यांनी गाडीच्या पत्र्यावर थाप मारली.

"गॅस?"

"बंद!" आतून दोघंही हसत म्हणाले.

"सिगडी?"

"बाहेर!"

"खिडकी?"

"उघडी!"

"रिपोर्ट ओके," हे म्हणाले आणि आम्ही चालायला लागलो.

सिगडी बाहेर नव्हती. रश्मीच्या पायांना ऊब मिळावी म्हणून संदीपने ती पलीकडच्या दाराने आत घेतली होती. धूर नव्हता, नुसते निखारे होते. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं त्याला वाटलं. वारा शीळ घालत होता म्हणून छताच्या जाळीत त्याने गोणपाट कोंबलं होतं. पडद्यांआड खिडक्याही लावलेल्या होत्या. खोटं बोलावं असं दोघांच्याही मनात नव्हतं. प्रश्न कानावर पडला आणि तोंडाने सवयीचं उत्तर दिलं.

आम्ही पाऊण तासाने परत आलो. यांनी पुन्हा थाप मारली.

"गॅस?"

आतून काही नाही.

"संदीप, रिपोर्ट!"

मी म्हटलं, "झोपलेत बिचारे. झोपू द्या की."

"झोपेतही रश्मी उत्तर देते," हे म्हणाले. त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. सगळी दारं आतून लावलेली होती. एरवी पुढच्या सीटखाली असते ती टॉमी, म्हणजे चाक उघडायची लोखंडी कांब, दगड लावताना यांनी चाकाजवळच ठेवली होती. ती उचलून एका घावात ड्रायव्हरची काच फोडली, हात घालून दार उघडलं.

"तोंड बाहेर करून श्वास घे. मग आत ये. थांबू नकोस."

मी तसं केलं.

"सिगडी मी काढतो. तू मागचं दार उघड."

उघडलं.

"रश्मीचे पाय धर. ओढ."

ओढलं. रश्मी बाहेर आली तशी ओकली आणि रडायला लागली. रडू ऐकून मला बरं वाटलं. संदीपला आम्ही दोघांनी ओढून आणलं. त्याचे डोळे अर्धे उघडे होते पण तो बघत नव्हता. मान एका बाजूला पडली होती. हे गुडघ्यावर बसून त्याच्या गालावर मारत होते. "संदीप. बाबा बोलतोय. रिपोर्ट दे." त्याने ओठ हलवले. आवाज आला नाही.

"श्वास आहे," हे म्हणाले. "इथे थांबायचं नाही. ऑक्सिजन पाहिजे."

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर यांनी गाडी चालवलेली नव्हती. धुक्यात समोरचं दहा हातांवरचं दिसत नव्हतं. सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या. मागे रश्मीने संदीपचं डोकं उघड्या खिडकीशी धरलं. मला यांनी शेजारी बसवलं.

"तू को-ड्रायव्हर. डोकं बाहेर काढ. मी विचारीन ते सांगायचं. बघून सांगायचं."

"हो."

"डावी बाजू?"

मी वाकून बघितलं. "मोकळी."

"समोर?"

"म्हैस आहे. थांबा. गेली."

"वळणावर?"

"ट्रॅक्टर. दिवा नाही त्याला. हळू घ्या."

असं आम्ही हॉस्पिटलपर्यंत आलो. माझे कान आणि नाक गारठून गेले. मी प्रत्येक वेळी आधी बघितलं आणि मग बोलले. मधूनच हे मागे न बघता विचारत, "रश्मी, मागे काय?" आणि ती म्हणे, "साँस ले रहे हैं, बाबा." पुन्हा विचारत, पुन्हा ती तेच म्हणे.

दोघांनाही ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, निखाऱ्यांच्या गॅसला वास नसतो, रंग नसतो. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, पुढे उठावंसं वाटलं तरी पाय ऐकत नाहीत. रश्मीचं डोकं दुखत होतं, तिला वाटलं वारं लागलं. संध्याकाळी संदीपने डोळे नीट उघडले. यांच्याकडे बघून म्हणाला, "बाबा, सिगडी आत होती."

"कळलं," हे म्हणाले. त्यांनी त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. मी शेजारी बसले. तेव्हा त्यांनी मला रामअवतारचं सांगितलं.

लान्स नायक रामअवतार ग्वाल्हेरजवळच्या मुरैन्याचा. वरच्या पोस्टवर यांचा जोडीदार. गजकची, म्हणजे तिकडच्या तिळाच्या मिठाईची, पेटी घरून आली की आधी स्वतः दोन तुकडे खाणार आणि मग म्हणणार, "ले, पेटी अभी-अभी खुली है." त्या दिवशी हे आणि आणखी दोघं रात्रीची ड्यूटी करून सकाळी बंकरमध्ये झोपले होते. आत बुखारी, म्हणजे रॉकेलची शेगडी पेटलेली होती. बर्फ पडून तिचं धुराडं बुजलं. रामअवतार बाहेर पहाऱ्यावर होता. त्याने हाक मारली, आतून उत्तर आलं नाही. तो आत शिरला. एकाला ओढून बाहेर टाकलं. मग यांना. मग तिसऱ्याला आणायला गेला. तिसऱ्यालाही त्याने दारापर्यंत आणून बाहेर ढकललं. रामअवतार आतच राहिला.

"आम्ही तिघं वाचलो," हे म्हणाले. दर वर्षी एकदा हे मुरैन्याला मित्राच्या घरी जाऊन येत. मित्र भेटला का, असं मी कधी विचारलं होतं की नाही, मला आठवत नाही.

आता आमच्याकडे रोल कॉल तसाच होतो, पण पलंगावरून उत्तर चालत नाही. उठायचं, जायचं, गॅसच्या बटणाला हात लावायचा, खिडकीच्या फटीतून बोट बाहेर काढायचं आणि मग येऊन सांगायचं. रश्मी कुरकुर करत नाही. संदीप तर दोनदा जाऊन येतो. शेजारच्या काकूंनाही हे भिंतीतून विचारतात, "हात लावला का?" काकू म्हणतात, "लावते हो, उठते तर खरी!" घरगाडीत निखारे न्यायचे नाहीत, कितीही थंडी असो. ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांनी एवढं तरी करावं.

संदीप घरी आला, गाडीला नवी काच बसली, तेव्हा मी त्याला रामअवतारचं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मुरैन्याला आपण सगळे जाऊ." पुढच्या रविवारी गेलो. थंडी होतीच.

रामअवतारची बायको कमला आता सुनेबरोबर राहते. तिने यांना "भाईसाब" म्हणून खाटेवर बसवलं, मला हाताला धरून जवळ घेतलं. भिंतीवर रामअवतारचा वर्दीतला फोटो होता. मिशी बारीक, हसू दाबून ठेवलेलं. यांनी फोटोसमोर उभं राहून सलाम केला. संदीप पुढे झाला आणि कमलाच्या पाया पडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "बड़ा हो गया तुम्हारा लड़का."

चहा आला, गजक आली. रश्मी अंग चोरून बसली होती. खोलीतली खिडकी सताड उघडी होती, गार वारा सरळ आत येत होता. कमलाच्या ते लक्षात आलं.

"बहू, ठंड लग रही होगी. मैं रजाई देती हूँ," ती म्हणाली. "ये खिड़की मैं बंद नहीं करती. जब से वो गए, एक दिन नहीं की."

तिने आतून रजई आणली. आम्ही चौघांनी ती पायांवर घेतली आणि गजक खाल्ली. खिडकी लावायला कोणी उठलं नाही.