बिनझाकणाची झारी

धापूबाईंच्या घरी भांडी टेबलावर बसायची आणि माणसं खाली पाटावर. आमच्या ह्यांची मास्तरकी भोकरदनला बदलली आणि आम्ही त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला गेलो, ते १९५३ साल. पहिल्याच दिवशी ओसरीतलं ते टेबल पाहून मी थबकले. बारा माणसं सहज जेवतील एवढं लांब. त्यावर तांब्यापितळेच्या झाऱ्या, काचेचे जग, चिनी मातीची झाकणाची भांडी, चांदीची नक्षी असलेली काळी बिदरी तबकं आणि हाताएवढे लांब डाव.

"पाहुणे यायचेत का?" मी विचारलं.

"न्हाई," धापूबाई म्हणाल्या, "हेच पाहुणे."

त्या किराणा दुकानवाल्या शांतिलालजींच्या पत्नी. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं किरकोळ, आवाज मात्र चौकातून ऐकू यावा असा. आईबापांना ओळीनं पाचवी मुलगी झाली तेव्हा त्यांनी हिचं नाव धापू ठेवलं. मारवाडीत त्याचा अर्थ 'पोट भरलं, आता पुरे'. याचं त्यांना काही वाटत नसे, पण पुरे म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जहागिऱ्या गेल्या तेव्हा जालन्याच्या एका हवेलीचं सामान लिलावात निघालं. शांतिलालजी लाकडासाठी गेले आणि टेबल घेऊन आले. सोबत वाढायच्या भांड्यांचं एक खोकं आलं. तिथून धापूबाईंना नाद लागला. मग कुठं जुनं वाढायचं भांडं मोडीत निघालं की त्या हजर.

ती भांडी वापरायची मात्र सोय नव्हती. मांसमच्छी खाणाऱ्यांच्या घरातली ती, जैनांच्या स्वयंपाकघराचा उंबरा त्यांनी ओलांडायचा नाही, असं सासूबाईंनी, म्हणजे लाडबाईंनी, बजावलं होतं. या बाबतीत झारीतल्या शुक्राचार्य त्याच. त्या वारल्या तरी त्यांचा शब्द घरात खुंटीसारखा ठोकलेला राहिला. म्हणून भांडी ओसरीत, आणि त्यांच्यातून कधी कुणाला घोटभर पाणीसुद्धा मिळालं नाही.

पण धापूबाईंना वापरायची हौस नव्हतीच. त्यांना हवी होती प्रत्येकाची कुळकथा. हे कुणाच्या पुढं ठेवत असतील? याच्यातून काय वाढत असतील? हा पोचा कसा आला? त्या बोहारणीला विचारायच्या, कासाराला विचारायच्या, हवेलीतला म्हातारा खानसामा जालन्यात राहतो असं कळलं तर मोटारीत बसून त्याच्याकडं जायच्या. आणि कळलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत. त्यांच्या तोंडी तीळ भिजत नसे. मला आधी या सगळ्याचा कंटाळा यायचा. पुढं मीच जिन्यावरून हाक मारायला लागले, "आज काय कळलं?"

सगळ्यांत लाडकी एक तांब्याची झारी होती. पोट गोल, तोंड रुंद, खांद्यावर द्राक्षवेल कोरलेली, आणि मुठीला दोन बोटं साखळी लोंबत असलेली. साखळीची शेवटची कडी उघडी. म्हणजे तिला झाकण होतं आणि ते तुटून गेलं होतं. खानसाम्यानं सांगितलं की ही शिकारीला जायची. डेरे पडायचे, सतरंजीवर पंगत बसायची आणि हिच्यातून दारू फिरायची. झाकण कुठं गेलं ते त्याला ठाऊक नव्हतं.

"बिनझाकनाची झारी पाह्यली की मला कसंतरीच होते," धापूबाई म्हणायच्या. "कोनी बोलता बोलता उठून गेल्यावानी वाटते. मास्तरीणबाई, मला मरायच्या आत ते झाकन पाह्यजे."

त्या चेष्टेनं बोलत नव्हत्या. शेवटी मीच युक्ती काढली. वेलीवर कागद धरून वरून कोळसा घासला आणि नक्षी उतरवून घेतली. तो कागद त्यांनी आमच्या कल्हईवाल्याजवळ दिला. तो गावोगाव भट्टी लावत फिरायचा. दोन वर्षं तो कागद त्याच्या पिशवीत फिरला. पंचावन्नच्या थंडीत तो दारात येऊन म्हणाला, "बाई, हसनाबादला गोजरबाई म्हणून आहेत. त्यांच्या देव्हाऱ्यात ही वेल पाहिली."

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी निघालो. धापूबाईंनी बदल्यात द्यायला एक नवंकोरं पितळी ताम्हन घेतलं होतं, आणि झारी मांडीवर लुगड्यात गुंडाळलेली. मोटारीत मी म्हणाले, "देव्हाऱ्यातली वस्तू कोण देणार?"

"त्याची काळजी न्हाई," त्या म्हणाल्या. "ते दारूच्या झारीचं झाकन हाय म्हनून सांगते. देवाखाली एक घडी ठिवनार न्हाईत. खोटं थोडंच हाय?"

बिनतोड होतं.

गोजरबाईंचं घर शेतकऱ्याचं, अंगण सारवलेलं. म्हातारीनं आम्हाला चहा दिला आणि देव्हारा दाखवला. चुंबळीवर उलटं ठेवलेलं वाटीएवढं झाकण, त्याच्या खोलात खंडोबाचे आणि देवीचे टाक, भंडाऱ्यानं पिवळे झालेले. झाकणाच्या काठाला एक उघडी कडी होती. धापूबाईंचा श्वास मला ऐकू आला.

त्यांनी ताम्हन पुढं केलं. गोजरबाईंनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"देव काय भाडेकरू हायेत का बाई, नवी खोली दावली की उठून जायला?" त्या म्हणाल्या. मी खुद्द भाडेकरीण, पदराआड हसले. मग त्यांनी सांगितलं, "आमच्या आंब्याखाली पहिलं शिकारवाल्यांचे डेरे पडायचे. एका साली पोराला, पुंजारामाला, देवी आल्त्या. आशा सोडल्ती. मालक नांगर धरून राह्यले व्हते अन् फाळाला हे लागलं. चंपासटीच्या आदल्या रोजी. मालकानं घरी आनलं, धुतलं, अन् देव ह्याच्यात बसवले. तिसऱ्या रोजी पोरानं भाकर मागितली."

पुंजाराम दारातच उभा होता, चाळिशीचा, चेहऱ्यावर वण असलेला. धापूबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग झारीवरचं लुगडं सोडलं.

"एक डाव लावून पाहू द्या."

गोजरबाईंनी टाक एकेक करून स्वतःच्या ओंजळीत घेतले. धापूबाईंनी झाकण झारीवर ठेवलं आणि जरा फिरवलं. ते खट्‌ करून बसलं. वेल खांद्यावरून झाकणावर चढली, तुटलेली कडी कडीसमोर आली.

"म्हंजी ह्याचंच हाय ते," गोजरबाई हळूच म्हणाल्या. देव अजून ओंजळीत होते. "बाई, तुम्ही शिकल्यासवरल्या दिसता. ती मोठी मानसं ह्याच्यातून काय देत असतीन?"

मी धापूबाईंकडं पाहिलं. एका शब्दाचं काम होतं, आणि तोही खरा शब्द.

"पानी," धापूबाई म्हणाल्या.

त्यांनी झाकण उचललं, पदरानं पुसलं आणि चुंबळीवर होतं तसं उलटं ठेवलं. गोजरबाईंनी देव आत बसवले.

परतीच्या मोटारीत मला राग आला होता. दोन वर्षं शोधायचं, हातात आलेलं सोडायचं आणि वर खोटं बोलायचं. मी तसं बोलूनही दाखवलं. धापूबाई झारी पुन्हा लुगड्यात गुंडाळत राहिल्या. त्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका बातमीसाठी जमल्या, तर "न्हाई मिळालं" एवढंच सांगून त्या आत गेल्या. खोटं बोलल्याबद्दल दुसऱ्या दिवशी त्यांनी कडक उपास केला. कारण शांतिलालजींनाही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. झारीला आतून नवी कल्हई चकाकत होती. धापूबाईंनी ती उचलली आणि सरळ स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला. शांतिलालजी दुकानाला निघाले होते, ते टोपी हातात घेऊन तिथंच उभे राहिले. आत उकळून गार केलेलं पाणी गाळून भरल्याचा आवाज आला. बाहेर येऊन धापूबाईंनी झारी टेबलावर ठेवली आणि तोंडावर ते ताम्हन पालथं घातलं. मोठं होत होतं, वाकडं बसलं.

"आईनं काय म्हनून ठिवलंय..." शांतिलालजींनी सुरुवात केली.

"हिच्यातून पानी देतेत असं मी देवासमोर सांगून आले," धापूबाई म्हणाल्या. "मंग द्याया नको?"

त्यांनी पहिला पेला शांतिलालजींपुढं धरला. ते पेला न घेताच टोपी घालून दुकानाला गेले. तो पेला मी घेतला. पाण्याला कल्हईचा वास होता. मी सगळं प्याले आणि पेला पुन्हा पुढं केला.

संध्याकाळी दुकानातून आल्यावर शांतिलालजी ओसरीत पाटावर टेकले आणि म्हणाले, "पानी दे."

"कशातलं?" धापूबाईंनी विचारलं.

त्यांनी झारीकडं बोट केलं.