नैवेद्याचा डबा

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे पिशव्यांची पिशवी लटकते. घरातलं प्लॅस्टिक कमी करायचं ठरवून मला दोन वर्षं झाली, तरी ती आपली फुगतेच आहे. मी भाजीला कापडी पिशवी नेते. नवरा हात हलवत जातो, कोथिंबिरीची वेगळी, मिरच्यांची वेगळी अशा चार पिशव्या आणतो आणि "अगं, विसरलो" म्हणून मोकळा होतो. ओल्या कचऱ्याच्या बादलीत अळ्या झाल्या तेव्हा मीच नाक दाबून ती कचऱ्याच्या गाडीत उपडी केली. सगळं काही जमत नाही. वैताग येतो, पण थोडं थोडं रेटते.

मासळीचं मात्र जमवायचंच, असं मी मनावर घेतलं. पनवेलच्या बाजारात वाटा काळ्या पिशवीत भरून देतात, आणि गळू नये म्हणून वर दुसरी पिशवी. एका रविवारी मी घट्ट झाकणाचा डबा शोधायला लागले. माझे सगळे डबे लहान. सासूबाईंच्या वरच्या फळीवर फडक्यात गुंडाळलेला एक मोठा स्टीलचा डबा सापडला. तोच उचलला आणि ऐटीत बोंबलांचे दोन वाटे घेऊन आले. डबा बघून कोळीण हसली होती, वर दोन बोंबील जास्तच टाकले होते. मला कोण आनंद!

ओट्यावरचा डबा बघून सासूबाई जागच्या जागी थांबल्या.

"ह्या डब्यात म्हावरा आनलास?"

"आई, पिशव्या वाचल्या ना!"

"देवीच्या निवदाचा डबा हाय यो. माजे आयशीनं दिलेला."

झाकणावर त्यांच्या आईचं नाव कोरलेलं होतं. त्यांच्या लग्नात माहेरून, गव्हाणहून आलेल्या भांड्यांपैकी तेवढा एक डबा उरला होता. मंगळवारी गावदेवीला खीर जायची ती त्यातूनच. सहा वर्षं मी या घरात आहे आणि खीर कशातून जाते हे मी कधी बघितलंही नव्हतं. पिशव्या मोजायला मात्र मी पुढे!

मी डबा चिंचेनं घासला, लिंबानं घासला, कढत पाण्यात बुडवून ठेवला.

"आता अगदी स्वच्छ आहे, आई."

"आसंल. पन देवीला नाय चालायचा."

"मग मी तसाच नवा आणते."

"नवा कशाला? घरात डबे कमी हायत?"

मंगळवारी खीर गेली ती मिठाईच्या प्लॅस्टिकच्या डब्यातून. तो मी भंगारात काढला होता, त्यांनी धुऊन, पुसून परत ठेवला होता. मी अशी चिडले! पण कोणावर चिडायचं? राग माझाच मला येत होता. त्या भांडल्या असत्या तर परवडलं असतं.

आता दर रविवारी त्या स्वतःच स्टीलचा डबा माझ्या हातात देतात. "जा, म्हावऱ्याचाच हाय आता." मी परत आले की घासायला मात्र देत नाहीत. मोरीपाशी बसून अंगठ्यानं त्या नावातली अक्षरं एकेक करून घासतात. मग झाकण नाकाशी नेतात, आणि पुन्हा चिंच लावतात.