नागामोरी बाईंचा मनीप्लांट

नागामोरी बाईंच्या दुकानात पहिल्याच भेटीत मी दीडशे रातकिडे मोकळे सोडले. डब्याचं झाकण घट्ट बसलंय ना, एवढंच बघत होतो. नव्हतं बसलेलं.

बाई ओरडल्या नाहीत. माझ्या हातात चिमटा देऊन म्हणाल्या, "वेचा."

जपानमधल्या साकाई शहरात रंग बदलणारे सरडे विकणाऱ्या या साठीच्या बाई गिऱ्हाइकाकडे बघतात ते घरात चोर शिरल्यासारखं. मी रांगत सरड्यांचा तो खाऊ वेचतोय आणि वरून उलटतपासणी चालू. नाव? हिराओका. घरी कोण? एकटाच. नोकरी? निवृत्त. उन्हाळ्यात एसी लावता, की बिलाला घाबरता?

"लावतो हो! मला तो द्या," मी कपाटाखालूनच मादागास्करच्या निळ्या-तांबड्या देखण्या सरड्याकडे बोट केलं.

"तो नवख्याच्या हातात टिकत नाही. तुम्हाला येमेनचा. दणकट असतो, मालकाच्या चुका सोसतो."

येमेनचा म्हणजे हिरवा, डोक्यावर तुरा आणि चेहरा रजा नामंजूर करणाऱ्या हेडक्लार्कचा. असे आठ शिल्लक होते. न खपलेला माल गळ्यात मारतायत, मी ताडलं.

"बरं, तोच द्या."

"आज नाही, हिराओकासाहेब." बाईंनी जाळीचा रिकामा पिंजरा आणि मनीप्लांटची कुंडी पुढे सरकवली. "सरडा वाटीतलं पाणी पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. महिनाभर रोज दोनदा पानांवर पाणी फवारा. मग कुंडी मला आणून दाखवा."

अच्छा, म्हणजे खरा धंदा पिंजऱ्यांचा!

तरी तीन आठवडे मी रिकाम्या पिंजऱ्यात इमानाने पाऊस पाडला. मग ओबोन, म्हणजे आमचा पितृपक्ष, आला. पितर घरी येतात म्हणून मी आठ दिवस बहिणीकडे जाऊन राहिलो. परतलो तर खिडकीतल्या उन्हात मनीप्लांटचा पापड झालेला.

बाजारातून तेवढाच, तसाच दुसरा आणला. त्याच कुंडीत लावला. वर दोन पानं खुडून थोडा जुना केला, आणि निष्पाप चेहऱ्याने दुकानात हजर झालो.

बाईंनी पानांकडे पाहिलंही नाही. बोटाने माती उकरली, बुंध्याशी चाचपडल्या.

"इथे मी लाल दोरा बांधला होता."

माझ्या कानांनी मादागास्करचा रंग घेतला. "अहो बाई, एका झाडासाठी माणसावर एवढा संशय?"

"सरडा मेला असता तर तोही तुम्ही असाच बदलला असतात."