चौदा-क

देवासच्या बसस्टँडवर गॉगल विकत मी मोठा झालो. नाही म्हणणाऱ्याकडून हो काढून घेणं मला तिथंच जमलं. धारला हत्तीपायाच्या जंतांची पाहणी निघाली, तेव्हा साहेबांनी मला याच गुणावर घेतलं. हे जंत डासांमार्फत पसरतात आणि रात्री रक्तात सापडतात. म्हणून नऊनंतर घरोघर जायचं, माणसाच्या बोटातून आणि कुत्र्याच्या पायातून रक्त घेऊन काचपट्टीवर लावायचं. माणसाच्या पट्टीवर घराचा नंबर आणि नाव. कुत्र्याच्या पट्टीवर नंबर आणि पुढे 'क'. ही खूण माझीच.

चौदा नंबरच्या घरात दोन भाऊ वेगळे राहत. थोरल्याचा कुत्रा होता. त्याचं रक्त घेऊन मी धाकट्याच्या दारात गेलो. जुन्या दरबारातलं घराणं, मराठी तोलूनमापून बोलणारं. मुलीचं लग्न देवासला ठरलेलं. तिनं बोट पुढे केलं तसा बाप ओरडला, "थांब! अहो कुत्र्यांचे वैद्य, आधी बाहेरच्या नळावर हात धुवा. साबण लावून."

मी नवे हातमोजे घालत होतो, ते त्याला दिसत होतं. गल्ली हसली. मी हात धुतले. तो राग अजून गेलेला नाही.

आठवड्यानं यादी आली : '१४-क, जंत आढळले.' यादीवरून गोळ्या वाटणाऱ्या बाईंनी थेट धाकट्याचं दार वाजवलं. वाटणीनंतर नगरपालिकेनं त्याच्या घराला चौदा-क नंबर दिला होता, हे मला तेव्हा कळलं. पट्टी तर थोरल्याच्या कुत्र्याची. एका वाक्याचं काम होतं. मी बोललो नाही.

दुपारी धाकटा माझ्यापुढे उभा. "भिया, काहीतरी गडबड झालीय. जरा बघा ना."

"आज भिया, म्हणजे भाऊ? त्या रात्री तर कुत्र्यांचा वैद्य होतो."

"बोलून गेलो हो."

"मग त्याच नळावर, गल्लीसमोर, माझ्या हातांवर पाणी घाला. कागद दुरुस्त करून देतो."

तो तडक निघून गेला. भाव ऐकून पाठ फिरवणारं गिऱ्हाईक परत येतं, हे मला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी तो तांब्या घेऊन आला. पाणी माझ्या बुटांवर सांडलं. "नीट घाला," मी म्हणालो. मुलगी दारातून बघत होती.

मी कागद दिला : पट्टी कुत्र्याची, या घरात कुणालाही जंत नाहीत. पण तोवर बातमी देवासला पोहोचली होती आणि साखरपुड्याची साडी परत मागवली गेली होती.

मोडलेला सौदा मला बघवत नाही. मी स्वतः त्याच्यासोबत देवासला गेलो. मुलाच्या आईनं तिच्यापर्यंत पोहोचलेली यादीची नक्कल आणि माझा कागद शेजारी शेजारी ठेवले. "आधी हत्तीपाय, आता कुत्रा. चूक होती तर त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

खरं उत्तर माझ्यापाशी होतं. ते दिलं असतं तर तिचा विश्वास बसला असता. मुलीचा बाप माझ्याकडे बघत होता.

"कारकुनाची चूक, ताई," मी म्हणालो. "मला आजच कळलं."

"आजच कळलं, आणि कागदावर तारीख परवाची. म्हणजे हा दुसरा कागद विकत आणलाय," ती म्हणाली आणि अर्धे प्यालेले कप उचलून आत गेली.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. इंदूर येईपर्यंत तो दांडा धरून उभा राहिला.