घोड्यांच्या हौदातला बाप्तिस्मा

मुलीच्या लग्नाआधी मी एकाच गोष्टीवर अडून बसले होते: बाप्तिस्म्याला मी येणार नाही. जावई युक्रेनी. त्यांच्या चर्चमध्ये लग्न लावायचं तर आधी नवरीने ख्रिस्ती व्हायचं. इथे अमेरिकेत, बॉथेलमध्ये जन्मलेली माझी पोर "इट्स ओके, आई" म्हणून मोकळी झाली. मी नाही झाले. खरं तर आमच्याकडे धर्माच्या नावाने आनंदीआनंद. देव लाँड्री रूममध्ये, डिटर्जंटच्या शेजारी. त्यांना अंघोळ वर्षातून दोनदा, तीही आठवलं तर. पण पोर आपली राहणार नाही, ही भीती काही जाईना.

मला समजवायला विहीणबाई स्वतः आल्या, बिटाच्या सूपचं पातेलं घेऊन. सांगू लागल्या, हजार वर्षांपूर्वी त्यांच्या कीव्हचा राजाही मूर्तिपूजकच होता. त्याने टेकडीवर देव मांडले होते. मग त्याला नवा धर्म हवासा वाटला, म्हणून कोणाचा बरा ते बघायला माणसं पाठवली.

"फ्लॅट बघायला पाठवतात तशी?" मी म्हटलं.

"तशीच." एका धर्मात दारू चालत नाही म्हटल्यावर तो बाद. एका चर्चचा झगमगाट बघून मात्र माणसं भुलली. शिवाय तिथल्या सम्राटाची बहीण बायको म्हणून मिळत होती.

"म्हणजे तुमच्याकडेही लग्नासाठीच!" मी टोला हाणला. बाई खळखळून हसल्या. मला रागच आला. भांडायच्या वेळी असं हसतात का कोणी?

पुढचं त्यांनी हळू सांगितलं. राजाने देवाची लाकडी मूर्ती घोड्याच्या शेपटीला बांधली, नदीपर्यंत फरफटत नेली, काठ्यांनी बडवली आणि पाण्यात ढकलली. लोक रडत काठाकाठाने धावले, "बाहेर ये, देवा" म्हणत. मग त्याच लोकांना त्याच नदीत उभं करून ख्रिस्ती केलं.

"अहो, आम्ही तर दरवर्षी स्वतःच बुडवतो," मी म्हणाले. "नाचत नेतो, रडत बुडवतो, वर सांगतो, पुढच्या वर्षी लवकर या."

"येतो?"

"येतो की. जाईल कुठे?"

सूप बरं होतं म्हणा, की माझंच बोलणं मला पटलं म्हणा, शेवटी मी गेले. बघते तर चर्चमध्ये घोड्यांना पाणी पाजायचा पत्र्याचा हौद! मोठ्या माणसांना म्हणे यातच बुडवतात. राजाच्या वाट्याला झगमगाट आणि माझ्या लेकीच्या वाट्याला हौद. वा रे नशीब! पांढऱ्या झग्यातली पोर आत बसली. पाद्र्यांनी डोक्यावर हात ठेवून तिला बुडवलं, वर काढलं. पुन्हा बुडवलं. आम्हीही गणपतीला तीनदाच बुडवतो, बॅकयार्डमधल्या टबमध्ये, आणि ते काम लहानपणापासून तिचंच. तिसऱ्यांदा तिचं डोकं पाण्याबाहेर आलं आणि सवयीने, खणखणीत आवाजात, माझ्या तोंडून निघून गेलं:

"गणपती बाप्पा!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पाद्री बघतच राहिले. मेले, मला वाटलं, आता मोडतंय लग्न.

नाकातोंडात पाणी गेलेली माझी पोर, डोळेही न उघडता ओरडली, "मोरया!"

मी हुंदके देऊन रडायलाच लागले. विहीणबाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या. तो त्यांनी तिला द्यायचा सोडून मला दिला.